सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आणि इंजिन कुरकुरायला लागलं? पार्ट मागवायच्या आधी हे करा

गाडी घरी आणून जेमतेम आठवडा झालेला असतो, रोज संध्याकाळी उगाच एक चक्कर मारून यायचं चालू असतं, आणि एक दिवस सिग्नलला उभं असताना इंजिन थरथरायला लागतं. नाहीतर डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागतो. पोटात गोळा येतो आणि पहिला विचार हाच येतो की विकणाऱ्याने बरोबर गंडवलं आपल्याला. गंडवलं असेलही, नसेलही, ते नंतर बघू.

साध्या जुन्या गाडीपेक्षा जुन्या स्पोर्ट्स कारचं दुखणं शोधणं अवघड जातं कारण तिचा आधीचा हिशोब आपल्याला माहीत नसतो. कोणी ती रोज रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या काट्यावरच्या लाल पट्ट्यापर्यंत) खेचली असेल, कोणी ताकद वाढवायला ट्यून मारून घेतलं असेल, आणि कोणी कव्हर घालून दोन वर्षं नुसती उभी ठेवली असेल (उभी गाडी चांगली राहते असं लोकांना वाटतं, पण पेट्रोल शिळं होतं, रबर कडक होतं, बॅटरी मरते आणि उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच). म्हणजे इंजिन आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायच्या आधी जो पार्ट मागवाल तो अंदाजपंचे मागवलेला असणार.

मी स्वतः हेच केलंय. माझी दोन सीटची गाडी तिसऱ्या आठवड्यात आयडलला (म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) मिस मारायला लागली, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटेना, मी इकडेतिकडे वाचून चारही इग्निशन कॉइल बदलल्या, मग प्लग बदलले, मग ऑक्सिजन सेन्सर, आणि गाडी होती तशीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी काय निघालं ते पुढे सांगतो, कारण ते शोधायला जी पद्धत लागली तीच इथे लिहायचीय.

आधी दिवा कुठला ते बघा, कारण त्यावर ठरतं की गाडी पुढे न्यायची का नाही

लाल ऑइलचा दिवा लागला, म्हणजे ते तेलाच्या किटलीचं चित्र, तर जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. "दोन किलोमीटरवर तर घर आहे" हा हिशोब इथे करू नका, ऑइल प्रेशर नसताना क्रँकच्या बेअरिंग किती वेळात जातील ते मिनिटांत मोजायचं, किलोमीटरात नाही. कधीकधी फक्त सेन्सर खोटं बोलत असतो, खरंय, पण ते बंद इंजिनवर शोधायचं.

टेंपरेचरचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि पंखा फुल स्पीडला, कारण हीटर पण एक छोटा रेडिएटरच असतो, आणि जमेल तितक्या लवकर थांबा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आत प्रेशरमध्ये उकळतं पाणी असतं, चेहरा भाजतो. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, ॲल्युमिनियमचं हेड असल्या झटक्याने तडकू शकतं.

पिवळा चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर हळू चालवत घरी जाता येतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. लुकलुकणं म्हणजे इंजिन जोरात मिस मारतंय, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला डबा) जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टर आतून वितळतो आणि स्वस्तातल्या कॉइलचं काम महागड्या कामात बदलतं. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, थांबता आलं तर थांबा, टो करून न्या.

आवाजाचं पण थोडं. वरच्या बाजूने, व्हॉल्व्ह कव्हरकडून येणारी हलकी टिकटिक बऱ्याचदा टॅपेटची किंवा इंजेक्टरची असते, आणि थंड असताना येऊन गरम झाल्यावर गेली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटची गळती पण असू शकते. पण खालून, खोलातून, हातोडी मारल्यासारखी ठकठक येत असेल आणि रेस केल्यावर ती पण तितकीच वेगात वाढत असेल, तर तो रॉड बेअरिंगचा आवाज असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीला "जरा ऐकवतो" म्हणून मित्रांसमोर परत परत रेस करू नका. प्रत्येक वेळी क्रँक थोडा अजून खराब होतो.

मग वहीत लिहा

हसू नका. कधी होतं, इंजिन थंड असताना का गरम, आयडलला का जोर लावल्यावर, कुठल्या आरपीएमला, पेट्रोल भरल्याबरोबर लगेच का, पावसात का, एसी लावल्यावर का. शक्यतो व्हिडिओ काढून ठेवा ज्यात टॅकोमीटर दिसेल आणि आवाज ऐकू येईल, कारण गाडी गॅरेजमध्ये नेली की ती शहाण्या मुलासारखी वागते हे सगळ्यांनाच माहीत आहे.

धूर दिसला तर रंग आणि वेळ दोन्ही लिहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण सकाळी स्टार्ट केल्यावर एक पफ येऊन बंद झाला तर व्हॉल्व्ह स्टेम सील, जोर लावताना सतत आला तर पिस्टन रिंग किंवा टर्बोचं सील, असा साधारण अंदाज. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा धूर थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात, ती वाफ असते, पण इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कुलंट सिलिंडरमध्ये जातंय.

बॉनेट उघडा, पण आधी फक्त बघायला

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढा. पुसा, परत घाला, परत काढा. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते, स्क्रीनवर बघावं लागतं, आणि ड्राय संप असलेल्या (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) काही गाड्यांत तर इंजिन गरम आणि चालू असतानाच लेव्हल बघायची असते, त्यामुळे तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा, नाहीतर कमी आहे समजून लिटरभर जास्त ओताल. जास्त ऑइल पण वाईट, क्रँक त्यात घुसळतो आणि फेस होतो.

ऑइलला पेट्रोलचा वास येतो का? चमचमणारे बारीक कण दिसतात का? झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकट थर आहे का? हा थर बघून लोक लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात, पण गाडी रोज फक्त पाच-दहा मिनिटं चालत असेल तर आतल्या बाष्पाने पण तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइल पण दुधाळ असेल आणि कुलंट पण कमी होत असेल, तेव्हा घाबरा. खात्री करायची सोपी टेस्ट आहे, रेडिएटरच्या तोंडाशी लावायची नळी आणि त्यात निळं द्रव असतं, कुलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येत असेल तर ते निळ्याचं पिवळं होतं. कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये असतं.

बॅटरी पण आत्ताच मोजून टाका, मल्टिमीटर लावायला दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी दमलीय. बऱ्याच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत कमी व्होल्टेजमुळे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, दहा वेगवेगळ्या तक्रारी दाखवतो आणि माणूस दहा सेन्सर बदलत बसतो, तर खरी गडबड बॅटरीत नाहीतर गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत असते.

कोड वाचा, आणि वाचायच्या आधी पुसू नका

स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं, ओबीडी-२ चं, ईसीयूने नोंदवलेल्या तक्रारींचे नंबर म्हणजे कोड तिथून वाचतात. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं, त्यामुळे त्या वर्षांनंतरची गाडी असेल तर बहुतेक असणारच. त्याला लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलवर ॲप टाका. जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाने पान्याच्याही आधी ही वस्तू घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कोडचा अर्थ नीट समजून घ्या. पी०३०० म्हणजे कुठल्याही एका नाही तर अनेक सिलिंडरमध्ये मिस, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०३०२ दुसऱ्यात, असं पुढे. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाहीये असं ईसीयूला वाटतंय. पी०२९९ म्हणजे टर्बोचा बूस्ट हवा तितका तयार होत नाहीये, आणि हे बऱ्याचदा टर्बो मेल्यामुळे नाही तर एखादा पाइप निसटल्यामुळे किंवा फाटल्यामुळे असतं. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळत नाहीयेत, आणि हा कोड दिसला तर मी तरी गाडी चालवणार नाही, कारण टायमिंग चेन ताणलेली किंवा दात सरकलेली असू शकते.

कोड म्हणजे तक्रार, कारण नाही. ऑक्सिजन सेन्सरशी संबंधित कोड आला म्हणजे सेन्सर खराब असं नसतं, बहुतेक वेळा तो बिचारा खरं सांगत असतो.

कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाचा डेटा सेव्ह झालेला असतो, म्हणजे तक्रार आली त्या क्षणी आरपीएम किती, टेंपरेचर किती, स्पीड किती. त्याचा स्क्रीनशॉट काढा. कोड पुसला की तो डेटा पण जातो, म्हणून आधी पुसू नका म्हटलं.

आणि अजून एक गंमत त्याच ॲपमध्ये आहे, रेडिनेस मॉनिटर. ईसीयू स्वतःच्या काही तपासण्या करत असतो आणि पूर्ण झाल्या की तसं दाखवतो. गाडी घेतल्या घेतल्या बघितलं आणि जवळपास सगळे मॉनिटर अपूर्ण दिसले, तर एक तर नुकतीच बॅटरी काढली होती किंवा कोणीतरी विकायच्या आधी कोड पुसलेत. हे खरं म्हणजे घ्यायच्या आधी बघायचं असतं. असो.

फ्युएल ट्रिम, इथेच माझा गुन्हेगार सापडला

ॲपमध्ये लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम असे दोन आकडे दिसतात, टक्क्यांत. सोप्या भाषेत, ईसीयूला ठरलेल्या हिशोबापेक्षा किती पेट्रोल जास्त किंवा कमी द्यावं लागतंय ते. दोघांची बेरीज शून्याच्या आसपास, वर-खाली दहाच्या आत असेल तर ठीक. गाडी पूर्ण गरम करा, आयडलला आकडा बघा, मग २५०० आरपीएमला धरून बघा.

आयडलला अधिक वीस दाखवतंय आणि २५०० ला तीन-चारवर आलं, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय, व्हॅक्यूम लीक. आयडलला इंजिन हवा कमी घेतं म्हणून चोरून येणारी थोडी हवा पण जाणवते, रेस केल्यावर एकूण हवेत ती बुडून जाते. उलट आयडलला ठीक आणि जोर लावला की आकडा वाढतच गेला, तर पेट्रोल पुरत नाहीये, पंप दमलाय किंवा फिल्टर चोंदलाय, नाहीतर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर घाण झालाय. दोन्हीकडे उणे असेल तर पेट्रोल जास्त जातंय, इंजेक्टर गळत असेल.

माझ्या गाडीत पी०३०० आणि पी०१७१ दोन्ही होते, आयडलला अधिक बावीस, २५०० ला अधिक चार. हे मी कॉइल मागवायच्या आधी बघितलं असतं तर... स्मोक टेस्ट केली, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडतात आणि कुठून बाहेर येतो ते टॉर्च लावून बघतात, आणि मॅनिफोल्डच्या खालच्या एका रबरी नळीतून धूर यायला लागला. नखाएवढी चीर. नळी बदलायला अर्धा तास लागला, त्यातला वीस मिनिटं हात आत घालायला जागा करण्यात.

एकाच सिलिंडरचा मिस असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे आणि ती फुकट आहे. समजा पी०३०३ येतोय. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसा (आता पुसायला हरकत नाही), गाडी चालवा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब, तीच एक बदला. पी०३०३ च राहिला तर प्लगची अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर, आणि तरी तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंड बघा. फिकट तपकिरी म्हणजे तब्येत ठीक. कोरडा काळा काजळीसारखा म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओला म्हणजे ऑइल येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे तो सिलिंडर फार तापतोय. आणि एकच प्लग बाकीच्यांपेक्षा चकाचक, वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर खूश होऊ नका, तिथे कुलंट जात असेल.

आधीच्या मालकाचे उद्योग शोधा

स्पोर्ट्स कारमध्ये हे स्वतंत्र प्रकरण आहे. मोठा कोन फिल्टर लावलाय का? त्या तेल लावायच्या फिल्टरचं जास्तीचं तेल उडून एमएएफ सेन्सरवर बसतं आणि रीडिंग चुकतं. टर्बोचा ब्लो ऑफ व्हॉल्व्ह (अॅक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीची दाबलेली हवा सोडणारा) आवाजासाठी बाहेर सोडलाय का? एमएएफ असलेल्या गाडीत ती हवा आधीच मोजलेली असते, ती बाहेर गेली की ईसीयू नसलेल्या हवेसाठी पेट्रोल टाकतो आणि गिअर बदलताना गाडी अडखळते, कधी बंदही पडते. ईसीयू रिमॅप केलाय का (आतलं प्रोग्रामिंग बदललंय का), कोणी केला, कुठल्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केला? जास्त ऑक्टेनसाठी ट्यून केलेल्या गाडीत कमी ऑक्टेनचं भरलं तर नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल सिलिंडरमध्ये नको तसं आपोआप पेटतं, ईसीयू टायमिंग मागे घेतो, पिकअप जातो, आणि नॉकिंग आवरलं नाही तर पिस्टनला इजा होते.

विकणाऱ्याला फोन करून विचारा, भांडायला नाही, माहिती काढायला. "ट्यून कुणाकडून केलं होतं, मूळ पार्ट अजून आहेत का" असं साधं विचारलं तर लोक सांगतात, आवाज चढवला तर फोन ठेवतात. आणि शक्य असेल तितकी गाडी आधी मूळ अवस्थेत आणा, मूळ एअर बॉक्स, मूळ व्हॉल्व्ह, मूळ मॅप. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात असा माझा अनुभव.

तुमच्या मॉडेलचं घराण्याचं दुखणं माहीत करून घ्या

प्रत्येक इंजिनाची एक खोड असते आणि ती आधीच हजारो मालकांनी भोगलेली असते. काही माहीत असावीत अशी:

पोर्शे ९९६ आणि पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमधल्या एम९६ इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग, ते फुटलं तर सगळं इंजिन जातं. ऑइल फिल्टर कापून आत धातूचे कण बघणं ही तिथे नेहमीची सवय. बीएमडब्ल्यूच्या ई९० पिढीतल्या एम३ च्या व्ही८ इंजिनात, म्हणजे एस६५ मध्ये, रॉड बेअरिंग आणि थ्रॉटल ॲक्चुएटर. सुबारूच्या ईजे२५ टर्बोत पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटणं, आणि बिनटर्बो ईजे२५ मध्ये हेड गॅस्केट. २००३ ते २०१२ दरम्यान बनलेली मझदा आरएक्स-८ तर वेगळीच जात, रोटरी इंजिन, ती मुद्दामच थोडं ऑइल जाळते कारण रोटरच्या सीलला ते लागतं, त्यामुळे ऑइल कमी होतंय म्हणून घाबरायचं नाही, पण तपासत राहायचं. आणि थंड इंजिन स्टार्ट करून गाडी जरा पुढे घेऊन लगेच बंद केली तर ती फ्लड होते, परत स्टार्ट होत नाही. गरम असताना स्टार्ट व्हायला त्रास देत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय का बघायचं, आणि ते साध्या गेजने नीट कळत नाही, रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्हींचे आकडे हवे असतात.

चॅसिस नंबर टाकून कंपनीकडे रिकॉल बाकी आहे का तेही बघा. २०१८ मध्ये सुरुवातीच्या टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी परत बोलावल्या होत्या. असं काही बाकी असेल तर ते काम कंपनी स्वतःच्या खर्चाने करते, मालक कितवा आहे याने फरक पडत नाही.

टायमिंग बेल्टवाली गाडी असेल आणि बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. "गेल्याच वर्षी टाकला" हे तोंडी वाक्य म्हणजे बिल नाही. इंटरफिअरन्स इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन

इथपर्यंत येऊन काही सापडलं नसेल किंवा ऑइल जळत असेल, तर आता इंजिन खोलायच्या आधी ही दोन मापं घ्याच. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी चार्ज्ड. प्रत्येक सिलिंडरला तितकेच स्ट्रोक द्यायचे. पेट्रोल इंजिनात आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलमधून घ्या, पण सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक जास्त महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. सगळे १७० पीएसआय आणि एक ११० असेल तर त्या एकात गडबड. सगळेच सारखे थोडे कमी असतील तर कधी गेजचाच दोष असतो.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

लीक-डाउन त्याहून बोलका. सिलिंडर वरच्या टोकाला आणून हवा भरतात आणि किती टक्के निसटते ते बघतात, दहाच्या आत छान, वीस-पंचवीसच्या वर गेलं तर चिंतेचं. पण खरी मजा ऐकण्यात आहे. फुसफुस एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. थोडी हवा रिंगांतून सगळ्याच इंजिनांत जाते, तेवढ्यावरून घाबरू नका.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

"कॉइल बदला" असं सांगू नका, बदलून देतील आणि बिल लावतील, गाडी मात्र तशीच राहील. "थंड असताना ठीक आहे, वीस मिनिटांनी आयडलला मिस मारते, हे कोड, हे ट्रिमचे आकडे, हा व्हिडिओ" असं सांगा. तपासणीचे पैसे वेगळे द्यायला कुरकुर करू नका, शोधायलाच डोकं लागतं. काढलेले पार्ट परत मागा, कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून घ्या. आणि न विचारता इंजिन उतरवायचं नाही हे आधीच स्पष्ट करा. तुमच्याच मॉडेलवर रोज काम करणारा मेकॅनिक लांब असला तरी मी त्याच्याकडे जाईन, जवळच्या हुशार पण पहिल्यांदाच ते इंजिन बघणाऱ्याकडे नाही.

डीलरकडून घेतली असेल आणि वॉरंटी असेल तर काहीही खोलायच्या आधी त्यांना लेखी कळवा, तारखेसह. आधी खोललं तर तेच कारण सांगून हात वर करतात. खासगी व्यवहार असेल तर काय लिहून घेतलं होतं आणि तुमच्या इथला कायदा काय म्हणतो यावर आहे, आणि कॉम्प्रेशनचा कागद, स्क्रीनशॉट हेच तिथे कामाला येतात.

इंजिन खरंच गेलं असेल तर तीन रस्ते: आहे तेच पूर्ण बांधून घेणं, दुसरं जुनं इंजिन बसवणं, किंवा आहे तशी सांगून विकणं. जुनं इंजिन घेत असाल तर बाहेर पडलेलं असतानाच त्याची लीक-डाउन करून घ्या, नाहीतर एका अनोळखी इंजिनाच्या जागी दुसरं अनोळखी इंजिन आलं इतकंच. बांधून घेणं सगळ्यात महाग आणि सगळ्यात लांबतं, सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट धरा. मी तरी गाडी दुर्मिळ असेल किंवा जीव अडकला असेल तरच त्या रस्त्याला जाईन.

दुरुस्त झाल्यावर

ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि कुलंट, हे सगळं एकदा नवीन टाका म्हणजे इथून पुढचा हिशोब तुमचा. काढलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या पसरून बघा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, न चिकटता चमकलं तर बेअरिंगचा धातू किंवा ॲल्युमिनियम. पहिले हजार किलोमीटर दर पेट्रोलला डिपस्टिक बघा आणि आकडा लिहा, आणि ऑइल गरम होईपर्यंत जोरात खेचू नका. कुलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतं, ते बरंच मागे असतं. टर्बो असेल तर जोरात चालवून आल्यावर शेवटची दोन-चार मिनिटं हळू चालवा, मग बंद करा.

पाचशे किलोमीटर झाल्यावर परत ट्रिमचे आकडे बघा, आधीच्या स्क्रीनशॉटशेजारी ठेवून. माझे आता आयडलला अधिक दोनवर आहेत. काढलेल्या चारही जुन्या कॉइल मी डिकीतच ठेवल्या होत्या, चांगल्याच होत्या त्या, आणि गेल्या पावसाळ्यात नव्यांपैकी एक मेली तेव्हा त्यातलीच एक लावून घरी आलो.